आधी चेहरा, मग ठेका

गेल्या शतकाच्या मध्यावर जमैकातल्या पुष्कळ घरांची घडी एकसारखी होती. आई-बाप कमाईसाठी परदेशी आणि मुलं आजीच्या पदराखाली. चाकरमान्यांच्या कोकणाला ही घडी नवी नाही. पण जमैकातून सुटलेली बोट लंडन-न्यूयॉर्कला लागायची आणि सणासुदीला घरी परतणं परवडत नसे. त्यातही अमेरिकेचं दार किलकिलंच होतं. १९५२ च्या कायद्याने ब्रिटिशांच्या प्रत्येक वसाहतीतून वर्षाला जेमतेम १०० जणांना कायमचं येऊ देण्याची मर्यादा घातली होती. शेतात राबायला हंगामी मजूर मात्र चालत. स्पॅनिश टाउनचा रॉबर्ट जोन्स अमेरिकेत गेला तेव्हा त्याने आधी शेतमजुरीच केली. पुढे तो धर्मोपदेशक झाला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात स्थिरावला. मुलं मागे राहिली. त्यांतलीच एक ग्रेस जोन्स, पुढची मॉडेल आणि गायिका, जन्म १९ मे १९४८.

आजीने दुसरं लग्न केलं होतं. तिच्या नवऱ्याला घरात 'मास पी' म्हणत. घर पेंटेकोस्टल पंथाचं. रोज रात्री प्रार्थना, बायबलचं वाचन, आणि चुकलं की मार. २०१५ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात ग्रेसने या माराबद्दल हातचं न राखता लिहिलं आहे. मुलांच्या अंगावर नुसत्या नजरेने काटा आणणारा हा माणूस पुढे कित्येक वर्षांनी एका वेगळ्याच रूपात न्यूयॉर्क-लंडनच्या रंगमंचावर उभा राहणार होता. पण ते नंतर.

तेराव्या वर्षी ती सिराक्यूजला आई-वडिलांकडे आली. उंच, काटकुळी, बुजरी, खेळांत मात्र तरबेज. ऑनंडागा कम्युनिटी कॉलेजात स्पॅनिश आणि नाटक शिकता शिकता तिला नाटकाच्या प्राध्यापकाने उन्हाळी नाट्यप्रयोगांसाठी फिलाडेल्फियाला चलण्याची गळ घातली. ती गेली, आणि पाद्र्याच्या घरची शिस्त कायमची सुटली. अठराव्या वर्षी ती न्यूयॉर्कमध्ये विल्हेल्मिना मॉडेल्स या एजन्सीच्या यादीत होती. ही एजन्सी काढणारी विल्हेल्मिना कूपर स्वतः नेदरलँड्समध्ये जन्मलेली, मॉडेल म्हणून नाव काढलेली बाई. परदेशातून आलेल्या मुलीला संधी देण्याची तिची तयारी होती. बाजाराची तितकी नव्हती. अमेरिकन 'व्होग'च्या मुखपृष्ठावर पहिली कृष्णवर्णीय मॉडेल, बेव्हर्ली जॉन्सन, झळकली ती १९७४ च्या ऑगस्टमध्ये. त्याआधीच्या काळात गडद काळ्या रंगाच्या, टोकदार गालफडांच्या आणि केस बारीक कापलेल्या मुलीला न्यूयॉर्कमध्ये काम मिळे ते तुरळकच.

म्हणून १९७० मध्ये तिने पॅरिस गाठलं. घर दुसऱ्यांदा बदललं, भाषाही. तिथे तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलींत टेक्सासची जेरी हॉल होती आणि मिनेसोटाची जेसिका लँगही. पुढे एक नामवंत मॉडेल झाली, दुसरी ऑस्कर मिळवणारी नटी. न्यूयॉर्कमध्ये जी वैगुण्यं मोजली जात होती, तीच पॅरिसच्या छायाचित्रकारांना हवी होती. हेल्मुट न्यूटन, गी बुर्दँ, हान्स फॉयरर यांच्या कॅमेऱ्यासमोर ती उभी राहिली; इव्ह सँ लोराँ आणि केंझोचे कपडे घालून चालली. केंझोचे शो तर नाचगाण्याच्या तमाशासारखेच रंगत. १९७६ मध्ये इसे मियाकेने बारा कृष्णवर्णीय मॉडेल घेऊन जपानमध्ये शो केला, त्या बाराजणींत ग्रेस होती. कपडा दाखवण्यापेक्षा प्रेक्षकाला जागेवर खिळवून ठेवणं तिला जास्त जमत होतं.

गाणं तिच्याकडे आलं ते याच वाटेने. १९७५ मध्ये फ्रान्समध्ये तिची 'आय नीड अ मॅन' ही पहिली तबकडी निघाली. आवाज खर्जातला आणि घोगरा, सुरांवर पकड बेताची. त्या वेळच्या डिस्कोत गाजणाऱ्या बहुतेक गायिका चर्चच्या गायनवृंदात तयार झालेल्या, वरच्या पट्टीत सहज जाणाऱ्या. चर्चमध्ये वाढलेल्या ग्रेसपाशी चर्चचा तेवढा गुण नव्हता. तरीही क्लबांत हे गाणं चाललं आणि १९७७ मध्ये अमेरिकेच्या नृत्यसंगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याच वर्षी आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीने तिच्याशी करार केला आणि तिला टॉम मोल्टनच्या हवाली केलं.

डिस्कोचा इतिहास मोल्टनशिवाय सांगता येत नाही. तोही कधीकाळी मॉडेलिंग करायचा. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवरच्या क्लबात नाचणारी माणसं बघताना त्याला एक गोष्ट खटकली: तीन मिनिटांत गाणं संपतं आणि ऐन रंगात आलेली माणसं जागच्या जागी थबकतात. त्याने घरी बसून गाण्यांचे तुकडे एकमेकांत मिसळले आणि सलग वाजणारी टेप बनवली. पुढे रेकॉर्ड कंपन्यांसाठी तो गाणी लांबवू लागला. नुसत्या ढोलाचा आणि बासचा मधला टप्पा वाढवू लागला. एकदा सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या म्हणून गाणं मोठ्या तबकडीवर कोरलं गेलं. खाचांना ऐसपैस जागा मिळाल्यामुळे आवाज एकदम भरदार झाला. डीजेंच्या हाती आलेल्या बारा इंची सिंगलचा जन्म असा अडचणीतून झाला.

मोल्टनने ग्रेसचे तीन अल्बम केले: 'पोर्टफोलिओ' (१९७७), 'फेम' (१९७८) आणि 'म्यूज' (१९७९). ध्वनिमुद्रण फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत. कॉलेजातून पळून ती पहिल्यांदा ज्या शहरात गेली, तिथेच. पहिल्या अल्बमची एक अख्खी बाजू ब्रॉडवेच्या संगीतिकांतल्या तीन गाण्यांची होती, एकाच ठेक्यात ओवलेली. ऐकायला ती आज अवघडल्यासारखी वाटते. व्हायोलिनांचा ताफा पुढे धावतो आणि गायिका मागून येते. पण दुसऱ्या बाजूला एदित पियाफने अजरामर केलेलं 'ला व्ही आँ रोज' आहे. तिथे मोल्टनने घोडदौड थांबवली, गिटारवर हलका बोसा नोव्हाचा झोका ठेवला आणि ग्रेसच्या आवाजाला यायला भरपूर वेळ दिला. ती येते तेव्हा सूर जिंकायचा प्रयत्न करत नाही. शब्द फ्रेंचमध्ये सावकाश पुढे ठेवते. तिच्या गाण्याची पुढची दिशा या एका गाण्यात आधीच होती. ती ओळखायला आणखी तीन वर्षं गेली.

दरम्यान प्रसिद्धी गाण्यापेक्षा वेगाने धावत होती. स्टुडिओ ५४ हा क्लब १९७७ च्या एप्रिलमध्ये उघडला आणि ती तिथल्या गर्दीचा मध्यबिंदू झाली. 'इंटरव्ह्यू' मासिकाची मुखपृष्ठं रंगवणाऱ्या रिचर्ड बर्नस्टीनने तिच्या अल्बमची वेष्टणं केली. चित्रकार अँडी वॉरहॉल तिच्या मित्रपरिवारात होता. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या रोजलँड बॉलरूममध्ये ज्याँ-पॉल गूद या फ्रेंच कलादिग्दर्शकाने तिचा एक शो बसवला. मंचावर पिंजऱ्यात खरा वाघ. ग्रेस वाघाच्या वेशात त्याच्यासमोर गुरगुरते, पिंजऱ्याचं दार उघडतं, दिवे जातात, नुसता गोंगाट. दिवे येतात तेव्हा वाघ नाहीसा आणि पिंजऱ्यात ग्रेस मांस चघळत बसलेली. लोक थक्क झाले. पण त्या रात्री ती काय गायली, हे फारसं कोणी सांगत नाही.

मग डिस्कोचं दिवाळं वाजलं. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये, एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या जाळपोळीत कृष्णवर्णीयांचा आणि समलिंगींचा दुस्वास किती मिसळला होता, यावर तेव्हापासून लिहिलं गेलं आहे. ग्रेसचा श्रोतावर्ग नेमका तोच होता. कंपन्यांनी हात आखडते घेतले. त्याच वर्षी तिला गूदपासून मुलगा झाला. एकतिशी गाठलेली, डिस्कोचा शिक्का बसलेली मॉडेल-गायिका. हिशेबाने तिची गोष्ट इथेच संपायला हवी होती.

ती संपली नाही, कारण आयलंड रेकॉर्ड्सचा मालक ख्रिस ब्लॅकवेल. लंडनमध्ये जन्मलेला पण जमैकात वाढलेला हा गोरा माणूस. कंपनी त्याने १९५९ मध्ये जमैकातच काढली होती आणि बॉब मार्लीला जगापुढे नेलं होतं. १९७७ मध्ये त्याने बहामा बेटांवर, नासाउजवळ, कंपास पॉइंट नावाचा स्टुडिओ उभारला. ग्रेसबद्दल त्याचं निदान साधं होतं: या बाईला पाहिलं की जे वाटतं, ते तिच्या गाण्यात ऐकू येत नाही. गायिकेला चालीच्या मापात बसवायचं सोडून चालच गायिकेच्या मापाने बेतायची, असं त्याने ठरवलं.

त्यासाठी त्याने माणसं निवडून गोळा केली. किंग्स्टनहून ड्रमर स्लाय डनबार आणि बासवादक रॉबी शेक्सपिअर. जमैकाच्या रेगे संगीताच्या दुनियेत ही जोडी तेव्हा सर्वांत वजनदार मानली जायची. जमैकाचेच गिटारवादक मायकी चंग आणि तालवाद्यांवर 'स्टिकी' थॉम्पसन. इंग्लंडहून गिटारवादक बॅरी रेनल्ड्स, जो गायिका मेरिअन फेथफुलबरोबर वाजवून आला होता. पॅरिसहून वॅली बॅदरू, बेनिनी वंशाचा, सिंथेसायझरवर हुकमत असलेला. ध्वनिमुद्रणाच्या टेबलाशी अमेरिकन ॲलेक्स सॅडकिन. यांतल्या कित्येकांनी आधी एकत्र वाजवलंही नव्हतं. ब्लॅकवेलने स्टुडिओच्या भिंतीवर ग्रेसचं एक भलंमोठं छायाचित्र टांगलं आणि वादकांना सांगितलं, की हे जसं दिसतं तसं ऐकू आलं पाहिजे.

वादकांनी छायाचित्रावरून चाल बांधावी, ही गोष्ट संगीताच्या कुठल्याही घराण्यात बसणारी नाही. पण मॉडेलिंगच्या धंद्यातून आलेल्या गायिकेसाठी तिच्यासारखी उपयोगाची सूचना दुसरी नसेल. छायाचित्रातला चेहरा थंड, कोरीव, अनावश्यक असं काहीच नसलेला. वादकांनी तेच केलं. व्हायोलिनं गेली. बास जमिनीलगत चालू लागला, ड्रम कोरडे आणि काटेकोर झाले, सिंथेसायझर मधूनच चमकून गप्प बसू लागला. मधे भरपूर मोकळी जागा राहिली आणि त्या जागेत ग्रेसला धावायची गरज उरली नाही. ती शब्द बोलू लागली, अर्धे गाऊ लागली, हुकूम सोडावा तसे टाकू लागली. फिलाडेल्फियात जो आवाज उणा पडत होता तो नासाउत पुरून उरला.

गाण्यांची निवडही तितकीच चलाख होती. १९८० च्या 'वॉर्म लेदरेट'मध्ये बहुतेक गाणी दुसऱ्यांची, आणि तीही डिस्कोच्या नव्हे तर लंडनच्या न्यू वेव्ह मंडळींची किंवा रॉकवाल्यांची. प्रिटेंडर्स बँडचं 'प्रायव्हेट लाइफ' तिने रेगेच्या संथ चालीत घेतलं. ब्रिटनच्या यादीत ते १७ व्या क्रमांकापर्यंत गेलं. ते लिहिणाऱ्या क्रिसी हाइंडने पुढे कबूल केलं, की हे गाणं असंच वाजायला हवं होतं. रॉक्सी म्युझिक, इगी पॉप, स्टिंग यांची पुरुषांसाठी लिहिलेली गाणीही ग्रेसने आपली म्हणून गायली. स्टिंगचं 'डिमॉलिशन मॅन' तर त्याच्या स्वतःच्या 'द पोलीस' बँडच्या आधी तिच्या तबकडीवर आलं.

१९८१ चा 'नाइटक्लबिंग' हा या कामाचा कळस. ब्रिटनच्या 'एनएमई' साप्ताहिकाने त्याला वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं. त्यातली दोन गाणी बारकाईने ऐकण्यासारखी आहेत. 'पुल अप टू द बंपर'चं वादन आदल्या अल्बमच्या वेळीच वाजवून ठेवलेलं होतं. बाकीच्या गाण्यांशी जुळेना म्हणून बाजूला पडलेलं. त्यावर शब्द चढले आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत ते पाचव्या क्रमांकावर गेलं. गाडी उभी करण्याच्या भाषेत चावटपणा करणारं हे गाणं आजही नाचाच्या मैफलीत वाजतं, कारण स्लाय-रॉबींचा ठेका एका जागी उभा राहूनही पुढे ढकलत राहतो. दुसरं 'आय हॅव सीन दॅट फेस बिफोर'. मूळ चाल अर्जेंटिनाच्या आस्तोर पियाझोलाची 'लिबरटँगो'. खाली रेगेचा बास, वर अकॉर्डियन, आणि मधेच रात्रीच्या पॅरिसमध्ये कुणी पाठलाग करत असल्यासारखी फ्रेंचमध्ये पुटपुटणारी ग्रेस. स्पॅनिश टाउन, सिराक्यूज, पॅरिस: वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाने तिच्या हाती काहीतरी ठेवलं होतं, आणि ते पहिल्यांदाच एका गाण्यात कामाला आलं. जमैकातून लहानपणी उचलून नेलेल्या मुलीला जमैकाचा ठेका मिळाला तो जमैकात नव्हे, शेजारच्या बेटांवर, पगारी वादकांकडून.

वेष्टणावरचं चित्र गूदचं. रंगवलेलं छायाचित्र: निळसर काळी त्वचा, वर सपाट कापलेले केस, रुंद खांद्यांचं अर्मानी जाकीट, आत काही नाही, ओठांत सिगारेट. बाई की पुरुष, माणूस की पुतळा, याचा निकाल चित्र देत नाही. गूदच्या कामाबद्दल मात्र वाद आहे आणि तो रास्त आहे. १९८२ मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकाचं नावच 'जंगल फीव्हर'. पिंजरा, मांस, गुरगुरणं या कल्पना काळ्या माणसाला जनावर ठरवणाऱ्या जुन्या वसाहती नजरेच्या अगदी जवळ जातात. ग्रेसने स्वतःला गूदचं सावज कधी म्हटलं नाही. हे दोघांनी मिळून केलेलं काम आहे, असंच ती सांगत आली. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. कॅमेऱ्यापुढे उभं राहून पोट भरणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या नजरेत राहावंच लागतं. तिथे राहून ती नजर परतवायची कशी, हे ती शिकत होती.

त्याचा पुरावा 'अ वन मॅन शो'. १९८१ मध्ये रंगमंचावर आलेला आणि पुढच्या वर्षी चित्रफितीत उतरलेला हा प्रयोग गूदनेच बसवला. गोरिलाचा पोशाख, उंच पायऱ्या, ग्रेसचेच मुखवटे चढवून कवायत करणारी रांग. मधोमध ती, हसू नाही, पापणी हलत नाही, प्रेक्षकाला जाब विचारणारी. ही मुद्रा कुणाची, ते तिनेच पुढे सांगितलं: मास पीची. ज्या माणसाच्या नजरेने लहानपणी ती गारठायची, त्याचंच सोंग ती रोज रात्री घेत होती आणि भरलं थिएटर गारठत होतं. त्याच सुमारास बीबीसीवर मुलाखतकार रसेल हार्टी दुसऱ्या पाहुण्यांकडे वळून तिच्याकडे पाठ करून बसला, तेव्हा तिने चालू कार्यक्रमात त्याच्यावर हात चालवला. लोकांना तो फाजीलपणा वाटला. पण मंचावरची आणि मंचाबाहेरची बाई तोवर वेगळी उरली नव्हती.

पुढचा प्रवास भरभर झाला. १९८२ च्या 'लिव्हिंग माय लाइफ'मध्ये गाणी बहुतेक तिची स्वतःची, आणि 'माय जमैकन गाय'मध्ये तिच्या बेटाची बोली. मग हॉलिवूड: १९८४ चा 'कोनन द डिस्ट्रॉयर', १९८५ चा बाँडपट 'अ व्ह्यू टू अ किल'. आपल्याकडे अनेकांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते याच चित्रपटातली मे डे म्हणून. त्याच वर्षी निर्माता ट्रेव्हर हॉर्नने 'स्लेव्ह टू द ऱ्हिदम' हे एकच गाणं आठ तऱ्हांनी वाजवून अख्खा अल्बम केला आणि त्याला चरित्र म्हटलं. मुळात ते गाणं दुसऱ्याच एका बँडसाठी योजलेलं होतं. सित्रोएन मोटारीच्या गूदकृत जाहिरातीत वाळवंटातून ग्रेसचं अवाढव्य मस्तक वर येतं आणि उघडलेल्या जबड्यातून मोटार बाहेर धावते. नासाउत चेहऱ्यावरून ठेका बांधला गेला होता. आता ठेका विकत घ्यायचा तर चेहराही विकत घ्यावा लागत होता.

१९८९ नंतर तिने जवळजवळ दोन दशकं नवा अल्बम काढला नाही. २००८ मध्ये 'हरिकेन' आला तेव्हा वादकांत पुन्हा स्लाय, रॉबी, बॅदरू आणि बॅरी रेनल्ड्स होते. त्यातल्या 'विल्यम्स ब्लड' या गाण्यात तिने घरचा जुना तंटा मांडला आहे: बापाकडची जोन्स मंडळी देवाधर्माची, आईचं माहेर विल्यम्स, गाण्याबजावण्याचं, आणि आपण गेलो आईच्या वळणावर. २०१८ मध्ये जमैका सरकारने तिला 'ऑर्डर ऑफ जमैका' दिला.

मॉडेलला गायिका करण्याचे प्रयोग त्याआधी झाले, नंतर तर उदंड झाले. कंपन्यांचा आडाखा ठरलेला असतो: चेहरा खपतोय, आवाज ओढूनताणून बसवू. बहुतेक वेळा तो फसतो, आणि ग्रेसच्या पहिल्या तीन अल्बमांत तो निम्मा फसलाच होता. कंपास पॉइंटवर निराळं घडलं, कारण तिथल्या माणसांनी तिच्या आवाजातल्या उणिवा झाकल्या नाहीत. त्या उणिवांना शोभेल अशी चाल शोधली. ती चाल सापडली तिच्या गाववाल्यांच्या हातात. त्यांना मात्र तिच्या वाट्याची प्रसिद्धी कधी मिळाली नाही. 'नाइटक्लबिंग'चं वेष्टण जगभर ओळखलं जातं. मागच्या बाजूला छापलेली वादकांची नावं वाचणारे थोडे. ती वाचली पाहिजेत.